मारलेला कोळी आणि विसरलेला कोळी

महाराष्ट्रात कोळ्याची किंवा भुंगेऱ्याची नवी प्रजाती सापडल्याची बातमी आली की पहिला दिवस कौतुकात जातो आणि दुसरा नावाच्या चर्चेत. ठाण्यात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळालं. कसाबला जिवंत पकडताना प्राण गमावणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ठेवलेलं ते नाव वाचून पुष्कळांना अभिमान वाटला. अशा वेळी ‘हुतात्म्याचं नाव किड्याला कशाला?’ असं विचारणारेही भेटतात. (कोळी कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात, पण ते असो.) खरं भांडण सुरू होतं तिसऱ्या दिवशी. कुणीतरी मूळ शोधनिबंध उघडतं आणि कळतं, की ज्या जिवाच्या शोधाचा आनंद चालला आहे, तो केव्हाच अल्कोहोलच्या कुपीत गेला आहे. मग निसर्गप्रेमींच्या गटांवर एकच गदारोळ होतो. ‘शोधला म्हणजे मारला, हेच ना तुमचं विज्ञान?’ ‘चांगला कॅमेरा असताना मारायची गरज काय?’ अभ्यासकांची बाजू घेणारेही मग तोल सोडतात आणि ‘तुम्हाला यातलं काही कळत नाही’ एवढं सांगून मोकळे होतात.

या वादात दोन्ही बाजू चुकीच्या क्षणावर बोट ठेवतात, असं मला वाटतं. कोळ्यांच्या आणि भुंगेऱ्यांच्या बाबतीत नमुना घेणं योग्य आहे, बहुतेक वेळा अटळही आहे, आणि ते मी संकोच न करता म्हणेन. पण नमुना घेतल्यानंतर त्याचं काय झालं? तो कुठे ठेवला, त्यावर कुणी काम केलं, दुसऱ्या कुणाला तो पाहता येतो का? जाब विचारायचा तर इथे विचारायला हवा, आणि नेमकं इथेच सगळे गप्प असतात.

आधी समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. संग्राहकांचा इतिहास काही सोवळा नाही. उत्तर अटलांटिकमधला ग्रेट ऑक हा उडता न येणारा पक्षी मांसासाठी आणि पिसांसाठी आधीच जवळजवळ संपवला गेला होता. पण शेवटची नोंदलेली जोडी जून १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर मारली गेली ती संग्रहासाठी नमुने हवे होते म्हणून. पक्षी दुर्मीळ झाला तसा त्याला भाव आला, आणि भाव आला म्हणून उरलेलेही गेले. भुंगेऱ्यांमध्ये याहून विचित्र उदाहरण आहे. स्लोव्हेनियातल्या गुहांमध्ये राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३७ मध्ये हिटलरचं नाव देण्यात आलं. आज त्या नावापायी हिटलरच्या वस्तू जमवणारे लोक त्याच्यामागे लागले आहेत आणि त्या बिचाऱ्याच्या अस्तित्वालाच धोका निर्माण झाला आहे. आपल्याकडे आंध्रातला निळाशार, झाडावर राहणारा मोठा कोळी ‘पोइसिलोथेरिया मेटॅलिका’ परदेशातल्या हौशी लोकांच्या काचपेट्यांमध्ये ऐटीत नांदतो आणि त्याचं मूळचं जंगल मात्र आक्रसत चाललं आहे. शोधनिबंधात छापलेला ठिकाणाचा नेमका पत्ता चोरट्या व्यापाऱ्यालाही वाचता येतो. तेव्हा ‘अभ्यासकाने काय केलं तरी चालतं’ असं म्हणायची सोय नाही. आणि जीवदया ही आपल्या समाजाने कष्टाने कमावलेली गोष्ट आहे. आठ पायांच्या तीन मिलिमीटरच्या जिवाबद्दल कुणाला कळवळा वाटत असेल, तर त्याची टिंगल करणाऱ्याने आधी स्वतःकडे पाहावं.

एवढं मान्य करूनही कॅमेऱ्याचा मुद्दा टिकत नाही. तो का टिकत नाही हे समजायला सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं काय पाहतात ते पाहिलं पाहिजे. नर कोळ्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना पॅल्प नावाचे दोन आखूड अवयव असतात. वयात आलेल्या नरात त्यांची टोकं फुगतात आणि त्यांत वळलेल्या नळ्या, आकडे, काटे तयार होतात. वीर्य मादीपर्यंत पोहोचवण्याचं ते साधन. मादीच्या पोटाखाली त्याला जुळणारी एक कडक पट्टी असते, एपिजाइन. रंग, ठिपके, आकार यांत दोन प्रजाती हुबेहूब सारख्या दिसू शकतात, आणि एकाच प्रजातीतले नर-मादी इतके वेगळे, की पूर्वी त्यांना दोन वेगवेगळी नावं दिली गेली. सहसा निकाल लागतो तो या नळ्यांच्या वळणांवर. ती वळणं पाहायची तर एपिजाइन अलगद सुटं करावं लागतं, भोवतालचा मऊ भाग काढावा लागतो आणि उरलेलं लवंगेच्या तेलात ठेवावं लागतं. हळूहळू ते पारदर्शक होतं आणि आतल्या नळ्या दिसू लागतात. पिल्लांमध्ये हे अवयव तयारच झालेले नसतात, म्हणून पिल्लू हाती आलं तर भलाभला तज्ज्ञही अनेकदा ‘या कुळातलं काहीतरी’ एवढंच सांगू शकतो. भुंगेऱ्यांचंही तसंच. कित्येक गटांत नराचं जननेंद्रिय बाहेर काढून पाहिल्याशिवाय प्रजाती ठरत नाही. पानावर बसलेल्या कोळ्याचा फोटो कितीही सुंदर आला, तरी त्यात हे काहीही दिसत नाही.

फोटोवरून प्रजाती जाहीर करण्याचा प्रयोग झालेला आहे. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं वर्णन जतन केलेल्या नमुन्याशिवाय, निव्वळ छायाचित्रांवरून प्रसिद्ध झालं. नियमांच्या फटीतून ते बसलंही. पण पुढच्याच वर्षी जगभरच्या जवळपास पाचशे वर्गीकरणतज्ज्ञांनी सह्या करून त्याला जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. उद्या तशीच दुसरी माशी मिळाली तर ती हीच की वेगळी, हे तपासायला हातात काय असणार? फोटोत जे आलं नाही ते परत पाहता येत नाही. कुपीतला कोळी मात्र पन्नास वर्षांनी कुणीही बाहेर काढून पहिल्या अभ्यासकाला खोटं ठरवू शकतो. तपासता येणार नाही असा दावा हे विज्ञान कसं होईल? हेही सांगितलं पाहिजे, की नव्या प्रजाती आधी नजरेस पडतात त्या पुष्कळदा हौशी छायाचित्रकारांच्याच, आणि त्यांचं हे ऋण शोधनिबंध लिहिणारे नेहमीच मानतात असं नाही.

डीएनएचं काय, असाही प्रश्न येतो. एक पाय तोडून घ्यावा आणि कोळी सोडून द्यावा; कोळी सात पायांवर जगतोही. पण तो डीएनए ताडून पाहायचा कशाशी? भारतातल्या कोळ्यांची किती तरी जुनी नावं ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांच्या काळातल्या, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यांवर उभी आहेत. त्यांतले बरेचसे लंडनच्या संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या डीएनएचा पत्ता नाही. नावाची साखळी शेवटी कुठल्या तरी कुपीपाशी जाऊन थांबते.

आणि संख्येचं म्हणाल, तर एक कोळीण एका खेपेला कित्येक डझन, मोठ्या जाती शेकड्यांनी अंडी घालतात. त्यांतली मोजकीच पिल्लं मोठी होतात. एका प्रजातीसाठी दोन-चार नमुने घेणारा अभ्यासक आणि संध्याकाळी गल्लीत धुराची फवारणी करणारी गाडी यांच्यात अधिक कोण मारतं, हे सांगायला आकडेमोड लागत नाही. त्या गाडीमागे मात्र कुणी ‘मारू नका’ म्हणत धावत नाही.

या वादाला एक जुना जोडीदार आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी माणसाचं प्रेत चिरावं का, यावर एकोणिसाव्या शतकात केवढं रण पेटलं होतं. विरोधकांपाशी पुरावाही होता. एडिंबरामध्ये १८२८ मध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी शरीरशास्त्राच्या शिक्षकाला प्रेतं विकण्यासाठी चक्क खून पाडले, एकदोन नव्हे, सोळा. त्यावर विच्छेदनच बंद करा, असं म्हणणं त्या वेळी किती सोपं होतं! ब्रिटनने १८३२ मध्ये कायदा केला तो विच्छेदन थांबवणारा नव्हता. प्रेत कुठून आलं, कुणाच्या परवानगीने आलं, कुणाच्या ताब्यात आहे, हे सगळं त्या कायद्याने नोंदीखाली आणलं. चार वर्षांनी, १८३६ मध्ये, कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी जातिबहिष्काराची टांगती तलवार डोक्यावर असताना शवविच्छेदन केलं. आज आपल्याकडे लोक देहदानाचे अर्ज भरतात. कोळ्यांच्या बाबतीत आपण अजून १८२८ च्या आसपास रेंगाळतो आहोत. गुन्हे दाखवून काम बंद करा म्हणणारे पुष्कळ आहेत, नोंदी मागणारे कमी.

‘पण एवढं करून उपयोग काय?’ हा दुसऱ्या टोकाचा आक्षेप. तो करणारे बहुधा जीवदयावाले नसतात, हिशेबवाले असतात. त्यांना कोल्हापूर-सांगलीच्या उसात घेऊन जावं. तिथला शेतकरी हुमणीला, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीला, एकच कीड मानत नाही. नदीकाठची हुमणी वेगळी, माळावरची वेगळी, हे त्याला ठाऊक असतं. शास्त्राच्या भाषेत पहिली ल्युकोफोलिस लेपिडोफोरा, दुसरी होलोट्रिकिया सेरेटा. वळवाचा पाऊस पडला की माळावरच्या हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर गोळा होतात. रात्री फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे, ही मोहीम गावंच्या गावं करतात. जमिनीतली अळी मात्र कुठलीही उचला, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची. ती ओळखायची तर पालथी करून शेवटच्या खंडाखालच्या बारीक केसांची रांग भिंगाखाली पाहायची. तिची प्रजाती कुठली यावर भुंगेरा कधी निघणार, झाडावर येणार की नाही, सापळा कुठे लावायचा, हे सगळं ठरतं. केसांच्या रांगेवर घडीभर नजर लावून बसणाऱ्या माणसाला आपण रिकामटेकडा म्हणणार का?

हुमणी जुनी, ओळखीची. जंगलातल्या अनोळखी भुंगेऱ्याचं काय, असं कुणी म्हणेल. त्याचंही उत्तर आहे, आणि ते केरळच्या भातखाचरांतून येतं. तिथे ‘आफ्रिकन पायल’ म्हणून ओळखलं जाणारं, पाण्यावर तरंगणारं एक नेचं खाचरं, कालवे, बोटींचे मार्ग सगळं गिळत चाललं होतं. जगभर ते साल्विनिया ऑरिक्युलाटा या नावाने ओळखलं जाई. म्हणून त्या नेच्यावर जगणारे किडे दक्षिण अमेरिकेतून आणून आफ्रिकेत सोडले गेले, त्यांत एक सोंड्या भुंगेराही होता, आणि तो प्रयोग फसला. १९७२ मध्ये एका वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की हे नेचं ऑरिक्युलाटा नाहीच, ही वेगळी प्रजाती आहे; तिला मोलेस्टा हे नाव मिळालं. म्हणजे इतकी वर्षं शत्रू शोधत होते तो भलत्याच झाडाचा! मग शोध सुरू झाला मोलेस्टाच्या माहेराचा. १९७८ मध्ये ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं आणि तिथे त्यावर जेमतेम दोन मिलिमीटरचा एक सोंड्या मिळाला. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला. वर्षभरात हजारो टन नेचं फस्त झालं. गंमत अशी, की तोवर सगळे त्याला जुनाच, आफ्रिकेत अपयशी ठरलेला सोंड्या समजत होते. जुना एवढा नालायक आणि हा एवढा कर्तबगार कसा, हे कोडं सुटलं १९८५ मध्ये, त्याची वेगळी प्रजाती म्हणून नोंद झाली तेव्हा: सिर्टोबॅगस साल्विनी. केरळमध्येही १९८० च्या दशकात त्यानेच खाचरं मोकळी केली.

यात एक कबुलीही आहे. हा भुंगेरा नाव मिळण्याआधीच कामाला लागला होता, तेव्हा नावामुळेच तलाव साफ झाला असं मी म्हणणार नाही. पण नेच्याच्या चुकीच्या नावाने वाया घालवलेली वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची? आणि सोंड्याचं खरं नाव ठरलं नसतं, तर पुढच्या देशाने पुन्हा तोच फसलेला सोंड्या मागवला नसता, याची हमी कोण देणार? पुण्यात १९५० च्या दशकात दिसू लागलेल्या गाजरगवतावर पुढे मेक्सिकन भुंगेरे आणले गेले, ते आपल्याला आठवतात. त्यांना त्यांच्या रानात आधी कुणीतरी टाचणीवर लावून नाव दिलं होतं, हे आठवत नाही.

उपयोगाचा हिशेब आगाऊ मांडता येत नाही, याचा माझ्या मते सर्वांत चोख पुरावा पक्ष्यांच्या अंड्यांनी दिला. ब्रिटनमध्ये पक्ष्यांची अंडी जमवणं हा एक बदनाम छंद होता. १९५४ च्या कायद्याने त्याला चाप बसला, आणि तो बसायलाच हवा होता. तेरा वर्षांनी डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश अभ्यासकाने त्याच जुन्या संग्रहांतली बहिरी ससाण्याची अंडी मोजली-तोलली. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कवचं एकाएकी पातळ झाल्याचं त्यांना दिसलं. शेतांत डीडीटी येण्याचा काळही तोच. अंडी जमवणाऱ्यांना कीटकनाशकांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी फक्त प्रत्येक अंड्याबरोबर ठिकाण आणि तारीख लिहून ठेवली होती.

ठिकाण आणि तारीख. माझा सगळा मुद्दा या दोन शब्दांपाशी येतो. भुंगेरा टाचणीवर लावतात तो उजव्या पंखकवचातून, म्हणजे डावी बाजू अखंड राहते. टाचणीवर खाली चिटोरं: गाव, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. कोळ्याच्या कुपीतलं चिटोरं पेन्सिलीने लिहितात, कारण साध्या पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. हे चिटोरं हरवलं किंवा खोटं निघालं, की तो जीव खरोखर फुकट मेला. वर उल्लेख केलेल्या निळ्या पोइसिलोथेरियाचंच पाहा. १८९९ मध्ये तो मिळाला आंध्रातल्या गुटी इथल्या रेल्वेच्या लाकूड वखारीत. वखार म्हणजे काही जंगल नव्हे. लाकडांबरोबर तो दुसरीकडून आलेला असणार. पुढची १०२ वर्षं तो कुणालाच दिसला नाही, आणि २००१ मध्ये दिसला तो गुटीपासून लांब, नंद्याल-गिद्दलूरच्या पट्ट्यात. त्या शंभर वर्षांत त्याचं किती जंगल गेलं, याचा हिशेब लावायला आज काही साधन नाही.

नाव नसलेली प्रजाती म्हणजे सातबारा नसलेली जमीन; कुणीही यावं आणि बुलडोझर फिरवावा. नाव मिळालं की हक्क शाबूत राहतोच असंही नाही. मुंबईच्या आरेत सापडलेल्या एका विंचवाला २०१० मध्ये आरेचंच नाव मिळालं, लायकस आरेयेन्सिस. तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत तिथली झाडं पडायची ती पडलीच. पण आरे हे निव्वळ मोकळं रान आहे असं म्हणणाऱ्यांसमोर ठेवायला निदान काही नोंदी होत्या. ज्या माळांवर आणि देवरायांत कुणी कुपी घेऊन गेलंच नाही, तिथे तेवढंही नसतं.

आता त्या जाबाकडे वळतो. नमुना गोळा होणं आणि त्याचं वर्णन प्रसिद्ध होणं यांत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. डार्विनने १८३२ मध्ये अर्जेंटिनात पकडलेल्या एका भुंगेऱ्याला नाव मिळालं २०१४ मध्ये; मधल्या काळात तो संग्रहालयात कुठे ठेवला आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. ग्रेटा थुनबर्गचं नाव मिळालेला, मिलिमीटरही न भरणारा भुंगेरा १९६० च्या दशकात नैरोबीला गोळा केलेला, लंडनमध्ये २०१९ पर्यंत पडून होता. हे भुंगेरे निदान सुदैवी. त्यांच्या पेट्या शाबूत राहिल्या. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीतलं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय जळलं. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळलं, तिथला कीटकसंग्रहच सुमारे पन्नास लाखांचा होता. आग लागायलाच हवी असंही नाही. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत जुन्या कीटकपेट्या उघडून पाहा. डांबरगोळ्या केव्हाच उडून गेलेल्या, आणि वाळलेले किडे खाणाऱ्या एका बारीक भुंगेऱ्याच्या अळ्यांनी टाचणीभोवती भुकटी तेवढी शिल्लक ठेवलेली.

कायदा याबाबत मुका नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने ती नेमून दिलेल्या संस्थेला कळवायची आणि नमुना तिथे जमा करायचा असतो. याच कायद्याचा दुसरा चेहरा २००८ मध्ये दिसला होता. दार्जिलिंगजवळ सिंगलीला राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना कीटक गोळा करणाऱ्या दोघा झेक नागरिकांना अटक झाली आणि पुढे शिक्षाही. तेव्हा एका बाजूने ‘जैवचोर’ आणि दुसऱ्या बाजूने ‘विज्ञानाचा छळ’ अशी आरोळी उठली. परवाना नव्हता, म्हणजे कारवाई योग्यच. पण चोर पकडण्यात जेवढा उत्साह दिसला तेवढा जमा झालेल्या नमुन्यांची देखभाल करण्यात का दिसू नये? संग्रह सांभाळायला माणूस नेमायचा तर पद रिक्त, पद भरायचं तर वर्गीकरण करणारा माणूस पात्र ठरत नाही, कारण त्याच्या निबंधांना ‘इम्पॅक्ट’ नाही, म्हणजे इतरांच्या निबंधांत त्यांचे संदर्भ फारसे येत नाहीत. प्राण्यांच्या नव्या प्रजातींची वर्णनं सर्वाधिक छापणाऱ्या झूटॅक्सा या नियतकालिकालाच २०२० मध्ये स्वतःचे संदर्भ जास्त देतं म्हणून मानांकनाच्या यादीतून काढलं होतं. ओरड झाल्यावर परत घेतलं. आपलंच जुनं लेखन तपासल्याशिवाय ज्या शास्त्राचं पान हलत नाही, त्याला असा नियम लावणाऱ्यांना काय म्हणावं?

तेव्हा पुढच्या वेळी नव्या कोळ्याचा फोटो समोर आला आणि तो मारला म्हणून संताप आला, तर तो जरूर व्यक्त करावा, पण अभ्यासकाला चार गोष्टी विचाराव्यात. परवानगी कुणाची होती? नमुने किती घेतले, आणि तेवढेच का? ते कुठल्या संस्थेत, कुठल्या नोंदणी क्रमांकाखाली ठेवले आहेत? व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत भरणारी प्रजाती असेल, तर नेमकं ठिकाण छापील निबंधातून वगळून संस्थेच्या दप्तरात ठेवलं आहे का? चांगल्या अभ्यासकाकडे या चारही प्रश्नांची उत्तरं तयार असतात. बहुतेक तर त्याच्या निबंधातच छापलेली असतात. ज्याच्याकडे ती नसतील, नमुना ‘माझ्या घरी आहे’ असं जो सांगेल, त्याच्यावर तुटून पडावं. मीही सोबत येईन. आणि मग तोच प्रश्न आपल्या विद्यापीठांना विचारावा: तुमच्याकडच्या पेट्या शेवटच्या कधी उघडल्या होत्या?